फोननं लिहिलेलं अप्पांचं बोलणं

मला ऐकू येत नाही. पाच वर्षांची असताना मेंदूज्वर झाला, त्यात दोन्ही कान गेले. हे आधीच सांगते, कारण कोरोनाच्या आजारपणाबद्दल पुष्कळांनी लिहिलंय, पण ज्याला ऐकूच येत नाही त्यानं दवाखान्यात ते दिवस कसे काढले, हे माझ्या वाचनात कुठं आलं नाही. माझ्यासारखी कुणी पुढंमागं अशा खाटेवर पडली, तर तिच्या उपयोगी पडावं म्हणून लिहितेय. यातलं काही लिहिताना हात थांबतो. तरी लिहिते.

माझं नाव शिवलीला. उमरग्याजवळच्या मुरुम गावात राहते, ब्लाऊज-परकर शिवते. अप्पांचं बाजारात भांड्यांचं दुकान होतं. आई मी शाळेत असतानाच गेली. धाकटा भाऊ महेश लग्नानंतर पलीकडच्या गल्लीत राहायला गेला. घरात अप्पा आणि मी, दोघंच.

मी लोकांचे ओठ वाचते. समोरचा सावकाश, माझ्याकडं तोंड करून बोलला की मला बहुतेक कळतं. स्वतःही बोलते, माझा आवाज मला माहीत नाही, पण लोक म्हणतात सपाट आहे, चढ-उतार नाही. हे सगळं अप्पांमुळं झालं. सोलापूरच्या डॉक्टरांनी तेव्हा त्यांना सांगितलं होतं, पोरीला एकच भाषा द्या, दोन दिल्या तर गोंधळेल. आमचं घर मूळचं कन्नड बोलणारं. अप्पा त्यांच्या आईशी, बहिणीशी, अर्ध्या गिऱ्हाइकांशी कन्नडच बोलायचे. त्या दिवसापासून त्यांनी घरात कन्नड बंद केलं. माझी शाळा मराठी होती, म्हणून घरही मराठी. पाच वर्षांपर्यंत मीही कन्नडच बोलायचे म्हणे, पण त्यातला एक शब्दही आता आठवत नाही. आजीला राग आला. आत्या म्हणाली, एका पोरीपायी आईची भाषा टाकलीस का रे? अप्पांनी ऐकलं नाही. मिशीही काढली, कारण मिशीखालचा वरचा ओठ मला दिसायचा नाही. आमच्या बाजारपेठेत त्या वयाच्या माणसांत बिनमिशीचे अप्पा एकटेच होते.

*

मास्क आले आणि लोकांचे ओठ गेले.

हे ऐकणाऱ्यांना समजावून सांगणं अवघड आहे. रोजच्या बायका ब्लाऊज शिवायला यायच्या, मापं द्यायच्या, आणि मला त्यांच्या डोळ्यांवरून ओळखावं लागायचं की ही आत्ता बोलतेय की नुसती बघतेय. एक बाई चिडून निघून गेली. तिनं गळा खोल नको म्हणून तीनदा सांगितलं होतं म्हणे. मास्क खाली घ्या, असं मी कुणाला म्हणणार? रोगाची भीती मलाही होतीच.

सोलापूरला लहानपणी बोलण्याच्या क्लासात माझ्याबरोबर अंजली होती. तिलाही ऐकू येत नाही. तिनं मला मेसेजवर एका अ‍ॅपबद्दल कळवलं. फोन समोर धरायचा, माणूस बोलला की त्याचं बोलणं पडद्यावर अक्षरांत उमटतं. भाषा मराठी निवडली की झालं. पहिल्यांदा मी तो अप्पांसमोर धरला. अप्पा म्हणाले, आणि पडद्यावर आलं, "काय दाखवतीस हे." मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. अप्पा "लई" म्हणाले की फोन कधी "लई" लिहायचा, कधी "लाही". पण काम भागायचं. दूधवाला, मेडिकलवाला, पोस्टमन, सगळ्यांसमोर मी फोन धरायला लागले. वर्षभर त्या फोनवर माझं चाललं. म्हणूनच मी त्याच्यावर इतका विश्वास टाकला.

*

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात आधी मला ताप आला, दोन दिवसांनी अप्पांना. महेशनं आम्हाला तपासणीला नेलं. तिथल्या रजिस्टरात नंबर लिहायचा होता. अप्पांचा साधा फोन बिघडलेला, म्हणून दोघांच्याही नावापुढं माझा नंबर गेला. तेव्हा कुणाच्याच ते लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

रिपोर्ट फोन करून सांगत होते. दुसऱ्या दिवशी सकाळपासून माझा फोन उशाशी थरथरत होता. अनोळखी नंबर. अशा वेळी मी नेहमी करते तेच केलं. फोन कट करून मेसेज पाठवला: मला ऐकू येत नाही, कृपया लिहून पाठवा. उत्तर आलं नाही. पुन्हा फोन आला, पुन्हा मी तसंच लिहिलं. पाच-सहा वेळा झालं असेल. तो कुठल्या तरी टेबलावरचा फोन असणार, त्यावर मेसेज वाचता येत नसेल. संध्याकाळी माझ्याच्यानं उठवेना, आणि महेशला सांगायचं राहून गेलं. तिसऱ्या दिवशी दुपारी तो जेवणाचा डबा ठेवायला आला, तेव्हा मी दारातून फोन दाखवला. त्यानं त्या नंबरवर फोन लावला आणि मास्कवरचे त्याचे डोळे मोठे झाले. दोघंही पॉझिटिव्ह होतो. अप्पांचा ऑक्सिजन मोजला तर एकोणनव्वद.

एक दीड दिवस गेला तो असा. पुढं डॉक्टरांनी मला लिहून दिलं की त्यानं फारसा फरक पडला नसता. मी तो कागद जपून ठेवलाय. त्यावर माझा विश्वास आहे की नाही, हे मला अजून ठरवता येत नाही.

*

उमरग्याला आम्हाला एकाच हॉलमध्ये खाटा मिळाल्या. मध्ये हिरवा पडदा. अलीकडं बायका, पलीकडं पुरुष.

तिथं कुणालाच चेहरा नव्हता. पांढरा पोशाख, टोपी, मास्क, वरून प्लॅस्टिकची काच. डॉक्टर कोण, सिस्टर कोण, झाडणाऱ्या मावशी कोण, मला कळायचं नाही. डोळे मिटून पडले असताना कुणी खाट हलवून उठवलं की माझ्या छातीत धस्स व्हायचं, कारण पावलांचा आवाज मला आधी आलेला नसायचा. फोनला रेंज फक्त खिडकीजवळ यायची आणि रेंजशिवाय ते अ‍ॅप चालायचं नाही. पहिले दोन दिवस मी नुसत्या माना डोलावल्या. कशाला हो म्हणतेय ते माहीत नसताना हो म्हणाले. बोटाला लावायचं ते छोटं यंत्र तेवढं माझ्याशी सरळ बोलायचं. आकडे ऐकावे लागत नाहीत.

तिसऱ्या दिवशी एका सिस्टरच्या ते लक्षात आलं. तिनं स्केचपेननं स्वतःच्या छातीवर, त्या पांढऱ्या पोशाखावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: सुनंदा. मग माझी खाट खिडकीपाशी ढकलली. दुसऱ्या दिवशी तिच्या दोन्ही बाह्यांवर लिहिलेलं होतं. एका बाहीवर "जेवलात का", दुसरीवर "दम लागतो का". ती नुसतं बोट ठेवायची. दिवसभर घामानं भिजलेली बाई, पण पोशाख चढवला की आधी माझ्यासाठी बाह्या लिहायची. माझ्यासारखीनं दवाखान्यात जाताना हे करावं, असं मला वाटतं: गळ्यात पाटी घालावी, मला ऐकू येत नाही, अशी. लाज वाटते. वाटू द्यावी.

रोज राऊंड झाला की सुनंदा सिस्टर मला हात धरून पडद्यापलीकडं अप्पांकडं न्यायची. अप्पांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, आत वाफ धरलेली. ओठ दिसायचे पण दबलेले, वेडेवाकडे. त्यांची खाटही खिडकीलगतच होती, म्हणून फोन चालायचा. मी फोन मास्कजवळ धरायची. "चहा कडू हाय." "महेश येऊन गेला का." "तुझा ताप उतरला का." फोन सगळं नीट लिहायचा. मी बरी होत होते. चार दिवसांत मला घरी सोडतील, असं सुनंदा सिस्टरनं कागदावर लिहून दाखवलं.

अप्पा मात्र उतरत होते. तोंडावर पिशवीवाला मोठा मास्क आला. डोळे अर्धवट.

*

त्या दिवशी दुपारी मी गेले तेव्हा त्यांनी डोळे उघडले. माझं मनगट धरलं. हात गरम होता. ते काहीतरी बोलले. ओठांवरून मला एक अक्षर कळलं नाही. मी फोन पुढं धरला.

पडद्यावर आलं: "उंट आतून".

मी अप्पांकडं बघितलं. ते बोलतच होते. "मंगळ अजब वेड". थोडं थांबून, "मनी की हो गं".

आमच्या ओळखीत मनी कुणी नाही. मी फोन पुसला, पुन्हा जवळ धरला.

"अप्पा, परत बोला. मला कळंना."

ते परत बोलले, आधीपेक्षा सावकाश. मला समजावून सांगताना ते नेहमी बोलायचे तसं, तोंड मोठं उघडून, मास्कच्या आत. पडद्यावर तेच: "उंट आतून मंगळ अजब वेड".

मी घाबरले होते. घाबरलं की मला राग येतो, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. मी म्हणाले, "उंट कुठला अप्पा? येड्यासारखं काय बोलताय? नीट बोला ना!"

माझा आवाज किती मोठा लागला, मला माहीत नाही. आजूबाजूच्या दोन-तीन खाटांवरची माणसं वळून बघायला लागली. अप्पांनी माझ्याकडं बघितलं. मग त्यांनी बोलायचं थांबवलं. माझ्या हातावर दोनदा थोपटलं आणि डोळे मिटले.

मी पडद्याचा फोटो काढून ठेवला. राऊंडच्या डॉक्टरांना दाखवला. ते नगरकडचे होते. त्यांनी वाचलं आणि कागदावर लिहिलं: ऑक्सिजन कमी पडला की पेशंट असं बडबडतो. मनावर घेऊ नका.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पडदा सारला तर अप्पांच्या खाटेवर चादर नव्हती. दोघं पोशाखवाले खाट पुसत होते. मी फोन पुढं केला. त्यातला एक काही बोलला. पडद्यावर आलं, "तुमचे वडील गेले."

मी विचारलं, "कुठं नेलं? सोलापूरला का?"

ते एकमेकांकडं बघायला लागले. त्यानं पुन्हा तेच सांगितलं, फोननं पुन्हा तेच लिहिलं. "गेले." मी म्हणाले, "व्हय, पण कुठं? मला सांगितलं का न्हाई? त्यांची पिशवी तर इथंच राहिलीय."

तेवढ्यात सुनंदा सिस्टर आली. तिनं मला खिडकीशी नेलं. बाहेर बघितलं, आत बघितलं. मग तोंडावरची काच वर केली आणि मास्क हनुवटीखाली ओढला. तिथं हे करणं म्हणजे जिवाशी खेळ होता, तिच्या घरात लहान लेकरं होती. तिचा चेहरा मी पहिल्यांदाच बघत होते. गालांवर मास्कचे काळेनिळे वळ, नाकावर सोललेलं. तिनं सावकाश ओठ हलवले.

"अप्पा वारले, ताई."

त्या एका वाक्यासाठी तिनं तोंड उघडं केलं होतं. मला ते माणसाच्या तोंडून कळावं म्हणून. तिचे उपकार मी विसरणार नाही.

आमच्या लिंगायतांत माणसाला बसवून समाधी देतात. जंगम येतात, विभूती लावतात. अप्पांना ती पिशवीत, आडवं ठेवून, चार अनोळखी माणसांनी दिली. महेश लांब उभा होता. मी खाटेवर होते.

*

घरी आले. चौदा दिवस एकटीनं राहायचं होतं. महेशची बायको दारात डबा ठेवायची. चौथ्या दिवशी महेशचा मेसेज आला: "तू त्या दिवशी फोन लगेच दाखवला असतास तर अप्पा वाचले असते." मी वाचत असतानाच तो पुसला गेला. तिथं नुसतं उरलं की हा मेसेज डिलीट केला आहे. मी वाचला, हे मी त्याला कळवलं नाही. दहा-बारा दिवस तो दाराकडं फिरकलाही नाही. मग एके सकाळी दारात उभा राहिला, मास्क खाली घेतला, लांबूनच म्हणाला, "चुकलं माझं, लीला." मी म्हणाले, "चुकीचं न्हाई लिवलंस." तो तिथंच पायरीवर बसून रडला. मी आत, तो बाहेर, मध्ये उंबरा.

अप्पांचं ते शेवटचं बोलणं मी त्यालाही दाखवलं नाही, कुणालाच नाही. मला लाज वाटत होती. सगळं मुरुम ज्यांना शहाणा माणूस म्हणायचं, ते शेवटी उंट आणि मंगळ बडबडत गेले, हे कुणाला कळू नये असं वाटायचं. आणि "अजब वेड" हे शब्द मला लागले होते. वाटायचं, ते मलाच म्हणाले. ऐकू न येणारी, ओरडणारी, फोन न उचलणारी. अजब वेड.

हात रिकामे राहिले की ते शब्द यायचे, म्हणून मी मशीनवर बसले. साडीच्या पिशव्यांचं पारदर्शक प्लॅस्टिक कापून मास्कच्या मध्ये खिडकी बसवली, ओठ दिसतील अशी. पहिले सगळे वाया गेले. श्वासानं आत वाफ धरायची, उन्हात घातला तर प्लॅस्टिक वाकायचं. आतून भांड्याच्या साबणाचा पातळ हात फिरवून पुसलं की वाफ कमी धरते, हे बऱ्याच खटपटीनंतर सापडलं. पाच मास्क सुनंदा सिस्टरला पाठवले. तिनं घालून फोटो पाठवला. खिडकीत तिचे हसरे दात. खाली लिहिलं होतं, बाकीच्या सिस्टर पण मागतायत. मी अजून शिवले. शिवताना दर वेळी मनात यायचं की हे मला वर्षभर आधी का सुचलं नाही. शिवणारी मी, ओठ वाचणारीही मीच.

*

बसम्मा आत्या अप्पांची थोरली बहीण. आळंदच्या बाजूला, कर्नाटकात दिलेली. हद्दीवरची तपासणी उठली, एसट्या सुरू झाल्या, तेव्हा ती आली. पंचाहत्तरीची बाई, येताना मडक्यात दही घेऊन आली. दारातच माझ्या गळ्यात पडली. नंतर दोन दिवस ती माझ्यासमोर बसून, मास्क न लावता, मोडक्या मराठीत बोलत राहिली. लहानपणचे अप्पा, त्यांची कुस्ती, त्यांची मिशी.

तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "शेवटी कायतर बोल्ला का तो?"

मी न्हाई म्हणणार होते. पण तिचे डोळे हुबेहूब अप्पांचे. मी फोन काढला. "बोलले, आत्या. पण तसलंच. डोकं ठिकाणावर नव्हतं."

आत्याला मराठी अक्षरं वाचता येत नाहीत. म्हणाली, "वाच की तू."

मी वाचलं. माझ्या त्या सपाट आवाजात, एकेक शब्द. "उंट आतून. मंगळ. अजब वेड. मनी की हो गं."

आत्या पुढं सरकली. तिनं माझा हात धरला. "परत वाच."

मी परत वाचलं. ती रडायला लागली. मला वाटलं, भावाला वेड लागलं होतं म्हणून रडतेय. मी फोन बंद करायला गेले, तर तिनं तो हातातून घेतला.

"अगं, हे कन्नड हाय," आत्या म्हणाली. ओठ थरथरत होते, म्हणून तिला तीनदा सांगावं लागलं. "ऊटा आतेनु. जेवलीस का, असं इचारलं त्यानं तुला. मगळ. म्हंजे लेकी. अंजब्याड. भिऊ नगंस. मनीगि होगु. घरी जा."

जेवलीस का. लेकी, भिऊ नकोस. घरी जा.

तापात माणूस आपल्या आईच्या भाषेत जातो, आत्या म्हणाली. पस्तीस वर्षं माझ्यासाठी बाजूला ठेवलेली भाषा त्या दुपारी त्यांच्या तोंडी आली, आणि फोनला मी मराठी सांगून ठेवलं होतं. फोन बिचारा जे ऐकलं त्यातून मराठी शोधत बसला. आणि मी त्यांना म्हणाले, येड्यासारखं काय बोलताय.

मी तिथंच आडवी झाले. आत्या माझं डोकं मांडीवर घेऊन बसली. बऱ्याच वेळानं तिनं मला उठवून दही-भात खायला घातला.

जेवल्यावर मी फोनमधली भाषांची यादी उघडली. ही यादी मी आधीही पाहिली होती. मराठीच्या वर दोनच ओळींवर कन्नड होतं. एक बोट लावायचं, एवढंच. मी ते निवडलं, फोन आत्यासमोर धरला आणि म्हणाले, "अप्पा बोलले ते तू बोल."

आत्यानं डोळे पुसले आणि सगळं बोलून दाखवलं. पडद्यावर गोल गोल अक्षरं उमटत गेली. मला ती वाचता येत नाहीत. मी फोन तिच्याकडं फिरवला. तिनं चष्मा लावला, बोट ठेवत ठेवत वाचलं.

"बराबर लिवलंय," आत्या म्हणाली. "एक अक्षर चुकलं न्हाई."